साईट बनवताना लायब्रेरियनला पण बोलवा की!

संपादक साहेब, स.न.वि.वि.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन झाला, व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे फोटो फिरले, हार घातले नि संपलं. त्यावरून आमच्या ऑफिसातलं एक आठवलं म्हणून लिहितोय, जागा असली तर छापा.

मी फोर्टातल्या एका ऑफिसातून रिटायर झालो. तिथे सगळं इंट्रानेटवर, म्हणजे ऑफिसच्या आतल्या साईटवर, चढवलं तेव्हा साहेब लोक जाम खूश, पेपरलेस पेपरलेस म्हणून. पण साधा रजेचा फॉर्म हवा असेल तर सर्चमध्ये 'रजा' टाकलं की काहीच नाही, 'सुट्टी' टाकलं की गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांची यादी, आणि फॉर्म होता कुठे तर एचआर, मग डाउनलोड्स, मग 'इतर', तिथे 'स्कॅन००४७' नावाने. प्रवासभत्त्याच्या सर्क्युलरच्या तर तीन फायली, 'फायनल', 'न्यू फायनल' आणि 'फायनल करेक्टेड', चालू कुठलं ते कोणाला ठाऊक नाही. मी जुन्या दराने बिल भरलं, अकाउंट्सने परत पाठवलं, पैसे महिन्याने मिळाले, असो.

शेवटी निस्तरलं ते तळमजल्यावरच्या लायब्ररीतल्या मॅडमनी, ज्यांची लायब्ररी मोडून मीटिंग रूम करायचं घाटत होतं! बाई आठवडाभर लंच टाइममध्ये वही घेऊन टेबलाटेबलावर फिरल्या, शिपायापासून साहेबापर्यंत एकच प्रश्न, तुम्ही ह्याला काय म्हणता? कोणी रजा, कोणी लीव्ह, कोणी नुसतं सीएल, म्हणजे कॅज्युअल लीव्ह. मग एक नाव पक्कं केलं आणि बाकीची त्याच्याकडे वळवली, जुन्या कार्ड कॅटलॉगात असायचं ना, 'लीव्ह – पाहा: रजा', अगदी तस्सं. प्रत्येक सर्क्युलरला तारीख, विषय आणि ते पुढे कशाने रद्द झालं तेही लावलं. आयटीवाली पोरं हुशार आहेत, वादच नाही, पण म्हणायची काका सर्च आहे ना. अरे पण फाईलचं नाव स्कॅन००४७ आणि आत नुसता कागदाचा फोटो, सर्च शोधणार काय, कपाळ?

रंगनाथनांच्या ग्रंथालयांसाठीच्या १९३१ च्या पाच नियमांतला चौथा हाच, वाचकाचा वेळ वाचवा. विषयाचे पैलू पाडून वर्गवारी करायची त्यांची पद्धत १९३३ ची, आज शॉपिंग अ‍ॅपवर साडी शोधताना आपण रंग, कापड, किंमत असं टिक करत जातो ती तऱ्हा तीच. कपाटात पुस्तक एकाच जागी राहतं, कॉम्प्युटरवर एकच कागद रजेखाली पण दिसेल आणि बाळंतपणाखाली पण, फक्त तसं लावणारं माणूस पाहिजे.

आणि ही हौसमौज नाही हो, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ च सांगतं की सरकारी कार्यालयांनी रेकॉर्डची सूची नि अनुक्रमणिका नीट ठेवावी. तरी नवीन साईट म्हटलं की चर्चा होमपेजवरच्या सरकत्या फोटोंची. माझं म्हणणं एवढंच, मजकूर चढवायच्या आधी दोन महिने लायब्रेरियनला टीममध्ये घ्या आणि नंतरही ठेवा, कारण लायब्ररीत जुनी पुस्तकं निर्लेखित करतात, म्हणजे नोंदीतून कमी करून काढून टाकतात, तसे बाद कागद काढणारं कोणीतरी लागतंच.

आमच्या मॅडम रिटायर झाल्या, जागा काही भरली नाही. गेल्या महिन्यात दादर स्टेशनवर जुना सहकारी भेटला, म्हणाला 'न्यू फायनल २' आलंय.

– एक रिटायर्ड वाचक, मुलुंड