उत्तरायणाच्या संध्याकाळी पायरीवर बसलेल्या काकांना

ती. काकांना साष्टांग नमस्कार,

पत्र हातानं लिहून पोस्टात टाकायचं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण मी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात आहे आणि इथून टाकलेलं पत्र बडोद्याच्या दांडिया बाजारात कधी पोचेल याचा भरवसा नाही. म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय. तुमचा नातू वाचून दाखवील. खरं सांगायचं तर आणखी चार लोकांनी वाचावं अशीही इच्छा आहे. त्यातला एक रेसकोर्स रोडवर काचेच्या ऑफिसात बसतो.

काल पहिला पगार जमा झाला. स्लिप तुमच्या पद्धतीनं वाचली. आधी तारीख, मग नाव, मग आकडे, आणि शेवटी आकड्यांचा टाइप बाकीच्या मजकुराशी जुळतो का ते. जुळतो, काका.

मी तुमच्या दुकानात पहिल्यांदा आलो तो झेरॉक्स काढायला. मदत मागायला नव्हतो आलो. हातात एजंटनं दिलेली ऑफर लेटर होती आणि तिची प्रत पतपेढीत द्यायची होती, कर्जासाठी. वाघोडियाच्या बाजूला फ्रोझन मालाच्या कारखान्यात मी अकरा वर्षं शिफ्ट सुपरवायझर, पण कंत्राटी. हिवाळ्यात मटार, उन्हाळ्यात आंब्याचा रस, आणि तो संपला की चार-पाच महिने घरी. आपल्याकडे हंगामी काम म्हणजे हंगाम सरला की मालकाला आपलं नावही आठवत नाही. तिकडे हंगामाचा रीतसर व्हिसा असतो, असं एजंटनं सांगितलं. 'सीझनल प्रोग्राम आहे, सुपरवायझरची पोस्ट, बघा, तुमच्यासाठीच बनलीय.' एकूण साडेचार लाख, त्यातले पावणेदोन लाख आधी. हिच्या पाटल्या घडियाळी पोळातल्या सराफाकडे गेल्या.

तुम्ही कागद मशीनच्या काचेवर ठेवला आणि झाकण पाडलंच नाही. उचललात, चष्मा कपाळावर सरकवलात, कागद नाकाशी धरलात. मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही. आणि तुम्ही म्हणालात, "हे पत्र एकाचं आणि पगाराचा आकडा दुसऱ्याचा आहे."

न्यायमंदिराबाहेर तीस वर्षं टायपिंग केलेला माणूस, कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं म्हणून झेरॉक्सच्या दुकानात बसलेला. त्या माणसाला आकड्यातला ५ वेगळ्या ठशाचा आहे हे दिसलं. मला, पावणेदोन लाख भरलेल्याला, दिसलं नव्हतं. खाली कंपनीचा म्हणून दिलेला ई-मेल पत्ताही कुणालाही फुकट काढता येतो तसला होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "मला कॅनडा कळत नाही रे. कागद कळतो. थोडं थांब, आज कर्ज काढू नकोस."

मला राग आला होता, काका. आज कबूल करतो. तुमच्याच पायऱ्या उतरताना मनात म्हणालो, ह्यांना काय कळतंय.

पुढचे आठ दिवस तुम्ही काय केलंत ते मला नंतर तुमच्या नातवाकडून कळलं. दुकान वाढवल्यावर त्याला शेजारी बसवून कॅनडा सरकारची पानं एकेक करून वाचलीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. नवव्या दिवशी मला बोलावून घेतलंत आणि तीन कागद पुढे ठेवलेत. एक, त्यांचा तो हंगामी शेतमजुरांचा कार्यक्रम मेक्सिको आणि काही कॅरिबियन देशांपुरताच आहे, आपल्या माणसाचा तिथं संबंधच येत नाही. दुसरा, एलएमआयए. म्हणजे 'इथं माणूस मिळत नाही, बाहेरून आणू द्या' असं म्हणून मालकानं सरकारकडून घ्यायची मंजुरी. तिची फी जागेमागे १,००० डॉलर, ती मालकानं भरायची आणि कामगाराकडून वसूल करायला बंदी. माझ्या पावतीवर नेमकी तीच रक्कम माझ्या नावावर लावलेली होती. आणि तिसरा आपल्या घरचा. १९८३ चा उत्प्रवास कायदा, त्याखाली परदेशी माणसं पाठवणाऱ्या एजंटनं नोंदणी करायची असते, आणि नोंदणी असली तरी फी ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, त्याहून जास्त घेता येत नाही. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरच्या यादीत रेसकोर्सवाल्या एजंटाचं नाव तुम्ही तीन वेगवेगळी स्पेलिंग करून शोधलं होतंत. नव्हतं.

"शेठ नोकरी देतो आणि नोकराकडूनच पैसे घेतो, हा कुठला धंदा?" असं तुम्ही विचारलंत. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा काय काय ऐकलं ते इथं लिहीत नाही. ६०,००० मिळाले, बाकीचे गेले. ज्या भाऊबंदांनी 'जा जा, चांगली संधी आहे' म्हणून पाठीवर थाप मारली होती, त्यांचे फोन त्या महिन्यात लागेनासे झाले. एक मावसभाऊ टोरोंटोला असतो. त्याला तीन मेसेज टाकले, तिन्हींवर निळ्या खुणा आल्या. दिवाळीला मात्र त्याचा 'शुभ दीपावली' आला, समईचं चित्र लावलेला. असो. समई छान होती.

तुम्ही म्हणालात, काम तर तुला येतं ना, मग सरळ दारानं जाऊ. माझा जुना बायोडेटा पाहून हसलात. त्यात 'हार्डवर्किंग' तीनदा होतं. तुम्ही टाइपरायटरवाल्या ताठ पाठीनं कॉम्प्युटरपुढे बसलात आणि म्हणालात, विशेषणं राहू दे, सकाळी आत गेल्यापासून काय काय करतोस ते सांग. मी सांगत गेलो, तुम्ही बडवत गेलात. शिफ्टला ३६ माणसं. उणे १८ चं गोदाम. दर तासाला मेटल डिटेक्टरची चाचणी, तीन प्रकारचे धातूचे तुकडे टाकून. बॅच अडवायची कधी आणि सोडायची कधी. रडणाऱ्या नव्या मुलीला लाइनवरून कुठं हलवायचं. हे शेवटचंही तुम्ही टाइप केलंत, मी नको म्हणत असताना. कॅनडाच्या यादीत या कामाला ९२०१२ असा क्रमांक आहे, खाद्यप्रक्रियेतले सुपरवायझर, हेही तुम्हीच शोधलंत. बरोब्बर दोन पानं झाली.

त्यांच्या सरकारी जॉब बँकेवर, परदेशी माणूस घ्यायला तयार असलेल्या मालकांच्या जाहिराती बघून, आपण अर्ज टाकत गेलो. किती टाकले ते मोजणं मी सोडलं, तुम्ही वहीत मांडत होतात. छापलेल्या पानांचे पैसे तुम्ही घेतलेत, पानाला दोन रुपये, आणि मी पाचशेची नोट ठेवून पळालो तर नातवाला माझ्यामागे मंगळबाजारापर्यंत पळवलंत, सुटे परत करायला.

आणि मग ती संध्याकाळ. हे पत्र मी त्या संध्याकाळसाठीच लिहितोय.

मुलाखत आली ती १४ जानेवारीला. तिकडच्या लोकांना काय माहीत उत्तरायण, आपली पतंगांची संक्रांत, म्हणजे काय. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसात. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर तुम्ही लिहून ठेवलं होतंत, 'थंडीत साडेनऊ तास, उन्हाळ्यात साडेआठ', ते पाकीट अजून माझ्या पासपोर्टात आहे. माझ्या घरी नेट धड नव्हतं आणि वरच्या अगाशीवर पाहुणे, उंधियू, जिलबी आणि दोन स्पीकर. मी तुम्हाला विचारलंसुद्धा नव्हतं. तुम्हीच फोन केलात, "सातला ये, दुकान उघडतो."

अख्खं बडोदं अगाशीवर होतं. वर्षातून एकदा मुलगा सुरतेहून येतो, तुमची सून, नातू, सगळे वर होते. तुम्ही बोटाला मांजाची चीर पडलेली, चिकटपट्टी लावलेले, खाली आलात. ट्यूबलाइट माझ्या तोंडावर येईल असं टेबल फिरवलंत. मागचं देवाचं कॅलेंडर काढायला गेलात आणि थांबलात, 'राहू दे, असू दे पाठीशी' म्हणालात. मग शटर अर्धं खाली ओढलंत, वाकून बाहेर गेलात आणि पायरीवर बसलात.

मला फक्त तुमचे पाय दिसत होते. शटरच्या खालच्या फटीतून, खाकी पँट आणि बाटाच्या चपला. चाळीस मिनिटं. मध्येच गल्लीत पोरांनी पतंग कापल्यावर 'काप्यो छे' चा गलका केला की ते पाय उठायचे, डावीकडे जायचे, गलका कमी व्हायचा आणि पाय परत यायचे. एकदा शेजारचा स्पीकर अचानक बंद झाला. तुम्ही काय सांगितलंत त्यांना, ते अजून मला माहीत नाही. बहुतेक कुणी आजारी आहे असं सांगितलं असणार.

स्क्रीनवर प्लांटच्या मॅनेजरबाई होत्या. त्यांनी विचारलं, मेटल डिटेक्टर वाजला आणि वरून ट्रक थांबलाय, तर काय करशील? मी म्हणालो, ट्रक थांबेल. एवढंच. पुढे काही तरी सजवून बोलणार होतो, पण त्या फटीतल्या पायांकडे लक्ष गेलं आणि वाटलं, पुरे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्याकडे मागे कसला आवाज आहे? मी पतंगांचं सांगितलं. मग पाच मिनिटं आम्ही पतंगांवरच बोलत होतो.

बाहेर आलो तेव्हा आकाशात तुक्कल, पतंगांच्या दोरीला बांधलेले कागदी कंदील, चढले होते. तुम्ही 'काय झालं' असं विचारलं नाहीत. "उंधियू गार झाला असेल, वर चल," म्हणालात.

त्यानंतरचं कागदपत्रांचं पुराण, अहमदाबादच्या फेऱ्या, बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी, ते सगळं सगळ्यांचंच सारखं असतं. एकच सांगतो. परमिट हातात आलं तेव्हा मी पेढे घेऊन आलो आणि तुम्ही पेढा बाजूला ठेवून परमिट वाचलंत. त्यावर एकाच मालकाचं नाव होतं, त्याच्याकडेच काम करायची मुभा. तुम्ही विचारलंत, "आणि हा शेठ वाईट निघाला तर?" मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही एक छापील पान माझ्या फायलीत शेवटी लावलंत. छळ होणाऱ्या कामगाराला दुसरीकडे काम करता यावं म्हणून कॅनडानं २०१९ पासून वेगळं खुलं परमिट ठेवलंय, त्याची माहिती. मग पेढा खाल्लात. ते पान लागलं नाही, मालक बरा आहे. पण इथं येणाऱ्या प्रत्येकाच्या फायलीत असं शेवटचं पान लावणारा कुणी नसतो. इथल्या बंकहाउसमधल्या, म्हणजे कामगारांच्या राहायच्या घरातल्या, दोघांना मी ते दाखवलं, तर एकानं फोटो काढून घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

तुम्हाला कामाचं ऐकायला आवडेल. इथली रानटी ब्लूबेरी करवंदाहून लहान असते, झुडूप घोट्याएवढं. एक वर्ष ते नुसतं वाढतं, फळ दुसऱ्या वर्षी, म्हणून अर्धी शेतं रिकामी दिसतात आणि अर्धी निळी. ऑगस्टमध्ये तोडणी सुरू झाली की दिवसरात्र ट्रक. पानं-काड्या उडवायच्या, धुवायचं, दाणा दाणा सुटा गोठवायचा, आपल्या मटारासारखाच. यंत्रं मोठी आहेत, भानगडी त्याच आहेत. परवा रात्री डिटेक्टर वाजला आणि ट्रक थांबला. कुणी आवाज चढवला नाही. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

लोक विचारतात, कुणाच्या ओळखीनं गेलास? मी सांगतो, झेरॉक्सवाल्या काकांच्या. त्यांना ते पटत नाही. मोठ्या ऑफिसातला, सूटबूटवाला, 'कनेक्शन'वाला कुणी तरी असणारच असं वाटतं. आपल्याला चांगुलपणा ओळखताच येत नाही बहुतेक, तो फी घेत नाही ना. मलाही आला नव्हता. त्या पहिल्या दिवशीचं मनातलं बोलणं तुम्हाला ऐकू गेलं नसेल अशी आशा आहे. गेलं असेल तर माफ करा.

पहिल्या पगारातून हिच्या पाटल्यांसाठी थोडे बाजूला टाकलेत. तुमच्यासाठी काही घ्यावं तर तुम्ही घेणार नाही आणि नातवाला परत मंगळबाजारापर्यंत पळावं लागेल. म्हणून फक्त दोन पाकिटं गोठवलेली बेरी सुकवून आणतोय, काकूंनी उपासाला चालते का ते ठरवावं.

माझं कंत्राट नोव्हेंबरअखेर संपतं. उत्तरायणाला मी बडोद्यात आहे. त्या दिवशी तुम्ही वर अगाशीवरच थांबा. दुकानात कुणाचं काही काम निघालं तर किल्ली माझ्याकडे द्या, पायरीवर मी बसतो.

तुमचा,
दोन पानी बायोडेटावाला