मांडवाआधी कागद

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळू,

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. ‘पोरीनं इंग्रज पोरगा पसंत केलाय’ एवढं सांगून तू गप्प झालास. लोक काय म्हणतील याची फिकीर तू कधी केली नाहीस, त्यामुळे तुला घोर कशाचा लागलाय ते मला तिथंच कळलं. पोरगा निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे म्हणतोस, मग जात-धर्म-देश यावर मी एक शब्द बोलणार नाही. शाहू महाराजांच्या गावात वाढलोय आपण. कागदांवर मात्र भरपूर बोलणार आहे. आमच्या थोरलीनं आणि तिच्या ब्रिटिश नवऱ्यानं जे सतरा महिने ताटातुटीत काढले ते तुझ्या पोरीच्या वाट्याला येऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्र.

तू दर वेळी विचारायचास, ‘पोरगी अजून माहेरीच?’ आणि मी म्हणायचो, बाळंतपणाला आलीय, राहील थोडे दिवस. खरं सांगायला जीभ रेटत नव्हती, मर्दा. आज सगळं सांगतो.

लग्न फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं, तू होतासच. तेवढी एक गोष्ट आमच्याकडून बरोबर झाली होती. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं आधी नोंदणी केली आणि जेवणावळ नंतर घातली. या कायद्यात दोघांपैकी एकजण तरी नोटीस देण्याआधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो. मग नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर लागते, ती आणखी ३० दिवस. शिवाय पोरगा अविवाहित असल्याचा त्याच्या देशाकडचा दाखला. म्हणजे मुहूर्त काढायच्या आधी तीन-चार महिने हाताशी धर. मांडवातलं लग्न परदेशातल्या टेबलावर चालत नाही, तिथं नोंदणीचा दाखलाच लागतो. आपल्याकडच्या ओसीआय कार्डालाही, म्हणजे परदेशी नागरिकाला इथं आयुष्यभर येणं-जाणं मोकळं करणाऱ्या कार्डालाही, तोच लागतो, कारण परदेशी जोडीदाराला ते कार्ड मागायचं तर लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झालेली असावी लागतात. जावई तोवर एंट्री व्हिसावर पुण्यात पोरीबरोबर राहिला. आल्या आल्या १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडं नोंदणी झाली. तो व्हिसा नोकरी करू देत नाही. धडधाकट माणूस, दीड वर्ष घरी स्वयंपाक करत, मराठी शिकत बसला. त्याला काय वाटत असेल ते तो कधी बोलला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आई एकटी. तो धावत गेला आणि पोरगी इथं राहिली, सहावा महिना होता तिला. ठरलं असं, की त्यानं तिकडं नोकरी धरायची, सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जमल्या की पोरीचा स्पाउस व्हिसा, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, टाकायचा.

आता नीट वाच. ब्रिटनमध्ये २०१२ पासून नियम आहे, तिथल्या नागरिकाला परदेशी नवरा किंवा बायको आणायची असेल तर त्याचं ठरावीक उत्पन्न पाहिजे. ते होतं वर्षाला १८,६०० पौंड. जावयाला नोकरी लागली २४,००० ची. आम्ही निर्धास्त. डिसेंबर २०२३ मध्ये तिकडच्या सरकारनं हा आकडा वाढवायचं जाहीर केलं आणि ११ एप्रिल २०२४ पासून तो थेट २९,००० झाला. जावयाची पहिली पूर्ण स्लिप नोव्हेंबरची. सहावी येणार ३० एप्रिलला. एकोणीस दिवस, बाळू. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे, त्यावर पोरगीनं ११ तारखेभोवती लाल पेननं गोल केला होता. महिना संपला तरी सौभाग्यवतीनं ते पान उलटलं नाही.

११ एप्रिलच्या आधी ज्यांचा अर्ज गेला त्यांना पुढं मुदतवाढ घेतानाही जुनाच आकडा लागू राहतो. आदल्या दिवशी अर्ज टाकणारा आणि दुसऱ्या दिवशी टाकणारा, दोघांचे संसार वेगवेगळ्या मापानं मोजले जातात. मी आयुष्यभर साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसलो. काटा सगळ्यांना सारखा असला पाहिजे हे माझ्या हाडात भिनलंय. एखाद्याचा पगार पाच हजार पौंडांनी कमी म्हणून त्याचं लेकरू बापावाचून वाढावं, हे मला आजही पटत नाही आणि कधी पटणार नाही.

तू म्हणशील, पोरगी तर चांगली कमावत होती. होती ना! पुण्यातल्या कंपनीत तिचा पगार आख्खं घर चालवेल असा. पण बाहेरून अर्ज करणाऱ्या जोडीदाराचा इथला पगार ते धरतच नाहीत. ठेव दाखवायची तर सगळी अट ठेवीवरच भागवायला ८८,५०० पौंड, तेही सहा महिने खात्यावर पडून राहिलेले. आपल्या पैशात कोटीभर रुपये. मी सडोलीची जमीन विकायचा विचार केला होता. पोरगीनं हात धरला.

शेवटी जावयानं दुसरी नोकरी धरली. आठवडाभर दिवसा काम आणि शुक्रवार-शनिवार रात्री एका गोदामात. दोन नोकऱ्यांचे पगार मिळवून दाखवता येतात, फक्त दोन्हींच्या सहा-सहा महिन्यांच्या स्लिपा पाहिजेत. म्हणजे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

मधल्या काळात, जानेवारी २०२४ मध्ये, छकुली झाली. बापानं तिला पहिल्यांदा पाहिलं ते फोनवर. गौरी-गणपतीला दहा दिवसांची रजा काढून तो आला. मी उजळाईवाडीला विमानतळावर घ्यायला गेलो. घरी आल्यावर त्यानं हात पुढं केले तर छकुली माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. त्याचा चेहरा पाहवेना. मग तो उठला, माडीवर गेला आणि तिथून फोन लावला. फोनवर त्याचं तोंड दिसलं तशी आठ महिन्यांची पोर खुदकन हसली, स्क्रीनवर हात मारायला लागली. तो वर माडीवर, ही खाली माझ्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्याकडं गेली. आठ दिवसांनी तो परत निघाला.

आता कागदांचं. यात तुझ्याकडं काय काय गोंधळ निघणार ते मला आत्ताच दिसतंय. माझंच बघ. पोरीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझं नाव ‘आण्णासो’, आधारवर ‘अण्णासाहेब’ आणि तिच्या पासपोर्टवर नुसतं ‘अण्णा’. आपल्याकडं घरोघरी बाळासो, रावसो, बापूसो आहेत, कुणाला काही वाटत नाही. परक्या देशातल्या कारकुनाला मात्र ते तीन वेगळे बाप दिसतात. प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं, त्यात दोन महिने गेले. तूही बाळासो आहेस. तुझ्या पोरीचा जन्मदाखला आजच काढून बघ. त्या वर्षांतल्या पुष्कळ दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असते, ‘स्त्री’ एवढंच लिहिलेलं. नाव लावून घे. स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळव.

इंग्रजीचा पुरावाही लागतो. पोरीची शिवाजी विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी, चार वर्षं सगळं इंग्रजीतून, तरी ती इंग्रजीतूनच होती आणि त्यांच्या पदवीच्या तोडीची आहे असं तिकडच्या संस्थेकडून प्रमाणित करून घ्यावं लागलं. नाहीतर बोलण्या-ऐकण्याची परीक्षा द्यायची. क्षयरोगाची तपासणी त्यांनी मान्य केलेल्या केंद्रातच होते. ते प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं, तेव्हा फार आधी करून ठेवू नकोस. आम्ही आधी केली आणि दुसऱ्यांदा पुण्याला हेलपाटा पडला.

आणि नातं खरं आहे याचा पुरावा. फोटो, विमानाची तिकिटं, एकमेकांना पाठवलेले पैसे, फोनचे तपशील, चॅट. पोरगीनं चॅटमधली निवडक पानं काढून दिली आणि मी ती खासबागेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं छापायला नेली. शंभराच्या वर पानं. नवरा-बायकोचं बोलणं ते, बापानं कसं वाचावं? मशीनमधून पान बाहेर पडलं की मी ते पालथं घालत होतो. झेरॉक्सवाला शहाणा माणूस, त्यानंही मान वळवून घेतली आणि गठ्ठा बांधताना वर एक कोरा कागद ठेवला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

फीचं सांगून ठेवतो, मन घट्ट कर. बाहेरून अर्ज करायची फी एप्रिल २०२५ मध्ये १,९३८ पौंड झाली. आरोग्य सेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, आणि पहिल्या ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी तो एकरकमी ३,१०५ पौंड आगाऊ भरायचा. पुढं ३० महिन्यांची मुदतवाढ, तेव्हा पुन्हा फी, पुन्हा अधिभार. पाच वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज. हे पैसे मानपानाच्या आधी बाजूला काढ. हॉल छोटा घेतलास तरी चालेल.

‘टुरिस्ट म्हणून जाऊ दे, तिथं गेल्यावर बघू’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नकोस. पाहुण्याच्या व्हिसावरून तिथल्या तिथं स्पाउस व्हिसा करता येत नाही, आणि हेतू लपवला असं एकदा नोंदलं गेलं की पुढचे सगळे अर्ज संशयानं बघतात. तिकडं जाऊन लग्न करायचं असेल तर फियान्से व्हिसा असतो सहा महिन्यांचा, पण त्यात नोकरी करता येत नाही आणि लग्नानंतर दुसरा अर्ज, दुसरी फी.

आमच्या छकुलीचं आणखी निराळं झालं. बाप तिकडचा, म्हणून ती जन्मतःच ब्रिटिश. इथं जन्मली आणि आई भारतीय, म्हणून आपलीही. पण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, एकच पासपोर्ट ठेवायचा. तिकडचा काढला. म्हणजे दूधपित्या पोरीला त्या देशात जायची मुभा आणि तिला पाजणाऱ्या आईला नाही! असे चार महिने गेले आमच्या घरात. वर, कोल्हापुरात जन्मलेल्या पोरीला परदेशी पासपोर्टवर देश सोडायचा म्हणून इथली परवानगी काढावी लागली. तिचं ओसीआय होईल. मतदान करता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही, येणं-जाणं मात्र आयुष्यभर मोकळं राहील. त्या दिवशी कसबा बावड्याच्या रस्त्यानं परत येताना छकुलीला घेऊन मी महावीर उद्यानातल्या पोलिश लोकांच्या स्मारकस्तंभापाशी बसलो. आमची आजी १९४३ नंतर वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत दूध घालायला जायची, तुला तिनंच ते किस्से सांगितलेत. पाच हजार माणसं, बहुतेक बायका-पोरं, स्वतःच्या देशात परत जाता येत नव्हतं म्हणून पंचगंगेकाठी राहिलेली. आजी म्हणायची, ‘त्यास्नी कागद नव्हतं, पण पोरं आईजवळ हुती.’

अर्ज डिसेंबरात गेला. व्हिसा मार्च २०२५ मध्ये आला. पोरगी आणि छकुली त्याच महिन्यात गेल्या.

एक गोष्ट लिहायला जड जातेय, पण तू माझा भाऊ आहेस म्हणून लिहितो. जोडीदाराच्या नावावर परदेशात राहणारी पोरगी त्याच्यावर फार अवलंबून असते. तिचा पासपोर्ट, शिक्षणाचे कागद, लग्नाचा दाखला, स्वतःचं बँक खातं हे तिच्याच ताब्यात राहील असं बघ. घरात छळ झाला तर ब्रिटनमध्ये अशा बायकांना नवऱ्याच्या मर्जीवाचून राहण्याची वेगळी तरतूद आहे, हे तिला आधीच माहीत असू दे. मूल झाल्यावर बेबनाव झाला आणि रागानं पोराला घेऊन इकडं निघून आली, तर प्रकरण फार बिकट होतं. मुलं परदेशात नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात आपला देश नाही, त्यामुळे दोन देशांच्या कोर्टांत वर्षानुवर्षं झुंजणारे आई-बाप आहेत. पोरगा कितीही चांगला असो, हे दोघांसमोर एकदा बोल. मी माझ्या जावयासमोर बोललो. त्याला राग आला नाही.

उत्पन्नाचा आकडा पुन्हा बदलू शकतो. जून २०२५ मध्ये त्यांच्याच सल्लागार समितीनं तो खाली आणायचे पर्याय सुचवले. म्हणून पोराच्या स्लिपा आत्तापासून जमवायला लाव. नोकरी बदलणार असेल तर अर्ज गेल्यावर बदलू दे. सहा पुऱ्या झाल्या की त्याच आठवड्यात अर्ज. ‘दिवाळी झाल्यावर बघू’ नाही.

पुढच्या रविवारी पोरीला घेऊन इकडं ये. सगळी कागदं आण, मूळ प्रतींसकट, आणि तुझा शाळा सोडल्याचा दाखलाही. माझ्याकडं आमच्या अर्जाची फाइल आहे, अनुक्रमणिका लावलेली, तीवरून तुमची लावू. वहिनींना सांग, रडू नका. सकाळी लवकर निघालात तर संध्याकाळी छकुली फोनवर भेटेल. आता ती मला स्क्रीनवर बघून हसते आणि शेजारी बसलेल्या बापाला चिमटे काढते.

तुझा,
आण्णा