गोळी सोडू नकोस, डॉक्टरांशी बोल

आर्वी, जि. वर्धा

प्रिय गड्या,
सप्रेम नमस्कार.

वहिनींचा फोन आला होता. हृदयाचे ठोके कमी करणारी मेटोप्रोलॉलची गोळी सुरू झाल्यापासून तुझी धडधड शांत झाली, पण वावरात जाताना पाय भरून येतात, धुऱ्यावर बसावं लागतं, आणि आता तू गोळीच बंद करायची म्हणतोस. ऐकल्यापासून मला चैन नाही.

ती गोळी एकाएकी सोडू नकोस, एवढं माझं ऐक. असं औषध अचानक थांबवलं की ठोके उसळतात. तुझा त्रास मात्र खरा आहे, आणि तो डॉक्टरांना सांगायलाच हवा.

तुझ्या आजारात, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात. तिथून मिनिटाला ३५० च्या वर इशारे निघतात. वरच्या-खालच्या कप्प्यांमधली इशारे पुढे नेणारी गाठ (एव्ही नोड) त्यातले बरेच अडवते, तरी खालचे कप्पे इतके धावतात की रक्त भरायला वेळ उरत नाही. गोळी त्या गाठीला आणखी आवरते, म्हणून बसल्याजागी बरं वाटतं. पण पऱ्हाटी वेचताना, गाठोडं उचलताना शरीराला जास्त ठोके हवे असतात. वरच्या कप्प्यांचा रेटा आधीच गेलेला, त्यात ठोक्यांनाही लगाम. मग पायांना रक्त पुरेल कसं? याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नकोस.

नॉर्वेत याच आजाराच्या ६० रुग्णांना ठोके आवरणारी चार औषधं आळीपाळीने देऊन पाहिली. ठोके चारही औषधांनी कमी केले. पण मेटोप्रोलॉल आणि कार्व्हेडिलॉलवर श्रमाची ताकद घटली, डिल्टियाझेम आणि व्हेरापामिलवर ती टिकली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपलं पोटच श्रमावर आहे. मात्र त्या रुग्णांचं हृदय कमकुवत नव्हतं. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल घातक ठरतात, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) बघितल्याशिवाय बदल नाही. आणि मेटोप्रोलॉलच्या जोडीला ती स्वतःहून तर अजिबात घ्यायची नाहीत. ठोके आवरणारं आणखी एक औषध आहे डिगॉक्सिन, पण त्याचा जोर मुख्यतः विश्रांतीत चालतो, कामात कमी.

कधी नुसता डोस कमी करूनही भागतं. नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासात ६१४ रुग्ण होते. विश्रांतीतले ठोके ११० च्या आत ठेवलेल्यांचं, ८० च्या आत ठेवलेल्यांपेक्षा काही जास्त बिघडलं नाही. तुझ्या बाबतीत काय योग्य, ते डॉक्टर ठरवतील. पण त्यांच्यासमोर तू खुर्चीत बसलेला असतोस. धुऱ्यावरचा तू त्यांना दिसत नाहीस. म्हणून घरून निघताना आणि वावरात पोचल्यावर नाडी पूर्ण एक मिनिट मोज. ठोके अनियमित असतात, पंधरा सेकंदांचा हिशोब चुकतो. कुठवर न थांबता गेलास, तेही वहीत लिही.

रक्त पातळ करायची गोळी चालूच ठेव. नाडी ताब्यात आली तरी गुठळीचा आणि लकव्याचा धोका तसाच राहतो. डोळ्यांपुढे अंधारी आली, चक्कर येऊन पडलास, तर वही भरत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ.

सेवाग्रामला दाखवायचं ठरलं तर कळव, मी वर्ध्याच्या बसस्टँडवर येतो. इको, ईसीजी, सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घे. वेचणीला मजूर लावायचे पैसे लागले तर संकोच करू नकोस.

तुझाच,
बालमित्र