लांब इंग्रजी शब्द फोडून शिकवावेत

महोदय,

मराठी माध्यमाच्या शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले असून, सध्या सदाशिव पेठेतील माझ्या घरी शेजारची पाचवी-सहावीची मुले अभ्यासाला येतात. लांबलचक इंग्रजी शब्द समोर आला की ही मुले त्याची सुरुवात वाचतात, उरलेला शब्द अंदाजाने म्हणतात आणि स्पेलिंग तेवढे घोकून पाठ करतात.

परवा एका मुलीने ‘डिसअपॉइंटमेंट’ हा शब्द दोन एस आणि एक पी घालून लिहिला. मी तिला शब्दात पेन्सिलीने दोन उभ्या रेघा मारायला लावल्या. ‘डिस’ हा उपसर्ग, त्यात एस एकच. ‘अपॉइंट’ हा मूळ शब्द, त्यात पी दोन. ‘मेंट’ हा प्रत्यय. त्यानंतर ‘अननेसेसरी’च्या सुरुवातीला एन दोनदा का येतो, हे तिने न विचारताच सांगितले. ‘गव्हर्नमेंट’मधला एन बोलताना गिळला जातो, म्हणून लिहितानाही सुटतो, ‘गव्हर्न’ वेगळे काढून दाखवले की तो मुलांच्या लक्षात राहतो.

टाळ्या वाजवून सिलॅबल मोजायला शिकवतात, ते वाचनासाठी आवश्यकच आहे. पण उच्चाराचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे नेहमी जुळत नाहीत. ‘हेलिकॉप्टर’ आपण हे-लि-कॉप्-टर असे चार टाळ्यांत म्हणतो, तर शब्दाची घडण मात्र ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ अशी, म्हणजे वेटोळे आणि पंख या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांची आहे.

खरे तर ही फोड मराठी मुलांना नवी नाही. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, येथे पुढच्या ‘ल’मुळे ‘त्’चा ‘ल्’ होतो, हे त्यांना व्यंजनसंधीत शिकवले जाते. इंग्रजीत ‘इन’ हा नकारार्थी उपसर्ग ‘लीगल’ला लागताना त्यातील एनचा नेमका असाच एल होऊन ‘इल्लीगल’ तयार होतो आणि म्हणूनच स्पेलिंगमध्ये एल दोनदा येतो. हे साम्य फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत; परंतु मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास यांची गाठच पडत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. पाठ्यपुस्तकांतील लांब शब्दांखाली त्यांचे उपसर्ग, मूळ शब्द आणि प्रत्यय वेगळे करून छापावेत आणि संधी व उपसर्ग शिकवले जातात त्याच आठवड्यात इंग्रजीच्या शिक्षकांनी हे शब्द वर्गात घ्यावेत, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे