संप्रेरक स्वस्त, नर महाग

देशी मागूर माशाच्या बीजोत्पादनातील (पिल्ले तयार करण्यातील) नफ्यावरचा रविवारच्या अंकातील लेख वाचला. त्यात मादीने अंडी द्यावीत म्हणून दिले जाणारे संप्रेरकाचे इंजेक्शन हाच मोठा खर्च मानला आहे, ते पटत नाही. ओव्हाप्रिम या संप्रेरक-औषधाची मात्रा मादीच्या वजनाला किलोमागे जेमतेम 1 मिलिलिटर. खरा भुर्दंड नराचा. रोहू-कटल्यासारखे त्याचे पोट दाबून वीर्य मिळत नाही. वृषणे काढण्यासाठी तो मारावाच लागतो. वर्षभर पोसलेला मासा एका सकाळी संपतो! पुढे पिल्ले जिवंत खाद्याअभावी दगावतात, एकमेकांना खातात; हंगामही पावसाळ्यापुरताच. वर्सोव्यात केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था असलेल्या शहरातील दैनिकाने तरी जगलेल्या बोटुकलीमागचा (बोटभर पिल्लामागचा) खर्च मांडायला हवा होता.

– एक वाचक, अंधेरी