माकडहाडावरची गाठ : सुई घालू नका, थांबूही नका

महोदय,

नवजात बाळाच्या माकडहाडापाशी जन्मतःच मोठी गाठ असेल, तर ती बहुधा सॅक्रोकॉक्सिजिअल टेराटोमा (माकडहाडापाशी वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींपासून वाढलेली गाठ) असते. 35 ते 40 हजार जन्मांत अशी एखादी. मुलींमध्ये मुलांच्या तिप्पट-चौपट. जन्मावेळी यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, पण दोन महिन्यांनंतर त्या कर्करोगाकडे वळण्याचा धोका झपाट्याने वाढतो. ‘बाळ जरा अंगाने भरू दे, मग बघू’ हा सल्ला म्हणूनच महागात पडतो.

गाठ हाताला पाण्यासारखी लागते म्हणून तिच्यात सुई घालू नये. ती मणक्यातून आलेली मेनिंगोसील (मज्जारज्जूच्या आवरणाची पाण्याने भरलेली पिशवी) निघाली तर मेंदूज्वराला वाट मिळते. टेराटोमा असेल तर रक्तस्राव. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच असतं जेमतेम 250 मिली. बाळाला पालथं किंवा कुशीवर ठेवावं. गाठीवरची कातडी फाटली असेल तर कोमट निर्जंतुक सलाइनचं गॉज आणि त्यावर प्लास्टिकचं आवरण हवं. नुसत्या ओल्या गॉजने बाळ गार पडतं. बाळाला मोठ्या रुग्णालयात पाठवताना व्हिटॅमिन के दिल्याची नोंद आणि रक्त जुळवण्यासाठी आईच्या रक्ताचा नमुना सोबत द्यावा.

गाठ दिसते तेवढीच नसते. गुदद्वारातून बोटाने तपासणी, सोनोग्राफी आणि एमआरआय केल्यावर ओटीपोटातला भाग कळतो. काही गाठी तर पूर्ण आतच असतात. बद्धकोष्ठ किंवा तुंबलेली लघवी एवढीच काय ती खूण.

ऑपरेशनात गाठीबरोबर माकडहाड काढलंच पाहिजे. ते मागे ठेवलं तर साधारण तिघांपैकी एका बाळाला गाठ परत होते. हाड नसलं तरी मूल बसतं, चालतं; आजी-आजोबांनी निर्धास्त असावं.

खरी हेळसांड होते ती पुढे. एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन, गाठ परतली तर रक्तात वाढू शकणारं प्रथिन) ही रक्ततपासणी धडधाकट नवजात बाळातही मिलिलिटरमागे 50 हजार नॅनोग्रॅमच्या आसपास येऊ शकते. लॅबच्या कागदावर मात्र मोठ्या माणसाची मर्यादा छापलेली, त्यामुळे आकडा ठळक होऊन येतो आणि घरात रडारड. एका आकड्याला अर्थ नाही. तो दर खेपेला उतरतो का, ते पाहायचं. उतरता उतरता मध्येच चढला, तर गाठ परतली का ते लगेच शोधावं. ही तपासणी आणि बोटाने तपासणी दर तीन महिन्यांनी, किमान तीन वर्षं व्हायला हवी. जखम भरली की पालक येईनासे होतात. रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावर ‘नियमित दाखवणे’ असं मोघम न लिहिता पुढच्या बारा तारखा लिहून द्याव्यात.

— बालशल्यचिकित्सा विभागातील डॉक्टर