दुबईला निघालेल्या मैत्रिणीस

पुणे, १२ नोव्हेंबर

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझे आणि मोहनरावांचे दुबईला जायचे नक्की झाले, तिकिटेही हातात आली, हे वाचून फार आनंद झाला. तिथे काय काय पाहावे असे तू विचारले आहेस. पाहण्याच्या जागांची यादी तुझी लेक करून ठेवीलच. मला लिहायचे आहे ते तिथे फिरावे कसे याविषयी, कारण गेल्या वर्षी मुलाकडे सहा आठवडे राहिले त्यांतले पहिले तीन मी केवळ हे न कळल्यामुळे घरात बसून घालवले, आणि तसे तुझे होऊ नये असे मला मनापासून वाटते.

आपल्या वयाचे आईवडील तिकडे जातात तेव्हा बहुधा असेच घडते. मुले सकाळी कामावर जातात ती दिवेलागणीनंतर परततात. २०२२ पासून तिथे शनिवार-रविवारची सुटी असते, त्यामुळे सगळे फिरणे त्या दोन दिवसांवर ढकलले जाते आणि मधल्या दिवसांत आपण चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून गाड्यांची रांग पाहत, भाजी निवडत, दाराची घंटा वाजायची वाट बघत राहतो. मुलांचा यात काही दोष नाही. "आई, तू एकटी कशी जाशील?" ही त्यांची काळजी खरीच असते. पण सुनंदा, ते शहर बाईमाणसाला एकटीने निर्धास्त फिरता येण्यासारखे आहे, फक्त त्याची रीत आधी समजून घ्यावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्याकडच्या 'जवळ' आणि 'लांब' या शब्दांना तिथे फारसा अर्थ नाही. चौथ्या आठवड्यात मी प्रथम एकटी बाहेर पडले तेव्हा मला फक्त शेख झायेद रस्त्याच्या पलीकडच्या दुकानात जायचे होते. दुकानाची पाटी मला आमच्या खिडकीतून वाचता येत असे. पण दोन्ही बाजूंचे मिळून डझनभर पदरांचा तो रस्ता, त्यावरून गाड्या अखंड धावणाऱ्या, आणि पायी ओलांडायला जागा कुठेच नाही. सप्टेंबर संपत आला होता तरी सकाळी दहाचे ऊन डोक्यावर हात ठेवल्यासारखे जाणवत होते. कडेकडेने अर्धा तास चालले, मग पदपथच संपला. एका इमारतीच्या केरळी रखवालदाराने मला सावलीत बसवले, पाणी दिले आणि हिंदीत सांगितले, "अम्माजी, रस्ता पार करायचा तर मेट्रोच्या स्टेशनात शिरा." त्या एका वाक्याने माझे उरलेले तीन आठवडे सोन्याचे झाले.

त्या रस्त्यावरची मेट्रोची स्टेशने रस्त्याच्या कडेला उंचावर आहेत आणि रस्त्यावरून पलीकडे नेणारे बंदिस्त, गार हवेचे पूल त्यांना जोडलेले आहेत. स्टेशन उघडे असेल तोवर त्या पुलावरून कोणीही जाऊ शकते. तिकिटाचे फाटक पुढे आत लागते. म्हणजे गाडीत बसायचे नसले तरी रस्ता ओलांडायला हाच मार्ग. पूल लांब असतात एवढे मात्र लक्षात ठेव. बुर्ज खलिफा-दुबई मॉल या स्टेशनापासून मॉलपर्यंतचा पूल पाऊण किलोमीटरहून अधिक भरतो. सरकते पट्टे आहेत, तरी मोहनरावांचे गुडघे पाहता त्या दिवशी दुसरे काही ठरवू नकोस.

ही मेट्रो ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाली. लाल मार्गिका साधारण समुद्राला समांतर धावते. २०११ मध्ये सुरू झालेली हिरवी मार्गिका जुन्या भागातून, खाडीच्या दोन्ही काठांना जोडत जाते. बुरजुमान आणि युनियन या दोन ठिकाणी एकीवरून दुसरीवर बदलता येते. गाडीला चालक नसतो, हे माहीत असूनही पहिल्या दिवशी मला चमत्कारिक वाटले. प्रवासासाठी 'नोल' नावाचे कार्ड लागते. साधे रुपेरी कार्ड २५ दिरहमला मिळते, त्यातले १९ प्रवासाला वापरता येतात. शहराचे विभाग पाडलेले आहेत. मी होते तेव्हा एका विभागात ३, लगतच्या विभागात गेल्यास ५ आणि त्याहून लांब गेल्यास साडेसात दिरहम कापले जात. हेच कार्ड बसलाही चालते. मात्र प्रत्येक माणसाचे कार्ड वेगळे हवे, आणि आत जाताना तसेच बाहेर पडतानाही ते टेकवायचे. बसमधून उतरताना नवखी माणसे हेच विसरतात.

डब्यात गुलाबी खुणा केलेला भाग स्त्रिया व मुलांसाठी राखीव असतो. सोनेरी वर्गाचे भाडे दुप्पट पडते, तो आपल्याला नको. गाडीत आणि स्टेशनात खाणे, पिणे, च्युइंगम चघळणे यांना १०० दिरहम दंड आहे, म्हणून खडीसाखरसुद्धा पिशवीतच राहू दे. आणि शाल घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस. बाहेर अंग भाजते आणि डब्यात हुडहुडी भरते, हे रोज चारदा होते. रविवारी सकाळी आठपर्यंत मेट्रो सुरू होत नाही, तेव्हा पहाटे कुठे निघायचे असेल तर वार पाहून घे.

स्टेशनांच्या नावांनी मात्र घोटाळा होतो. कंपन्यांची नावे स्टेशनांना दिली जातात आणि ती बदलतातही. तुझ्या लेकीच्या ओळखीची जुनी माणसे 'राशिदिया' म्हणतील, फलकावर 'सेंटरपॉइंट' असेल. करामा या वस्तीत उतरायचे तर स्टेशनाला एका बँकेचे नाव आहे. म्हणून घरून निघताना फलकावरचे नाव कागदावर लिहून घेत जा. पत्ता सांगण्याच्या बाबतीत मात्र त्या शहराने फार चांगली सोय केली आहे. प्रत्येक इमारतीच्या दारावर 'मकानी' नावाचा दहा आकडी क्रमांक असतो, तो फोनवर टाकला की नेमके ते दार सापडते. लेकीच्या इमारतीचा क्रमांक पहिल्याच दिवशी उतरवून घे आणि पर्समध्ये ठेव.

टॅक्सीविषयी थोडेच लिहिते. त्या मीटरने चालतात. टपाचा रंग गुलाबी असेल ती बायका चालवतात. काही रस्त्यांवर 'सालिक' हा पथकर लागतो आणि तो भाड्यात मिळवला जातो, म्हणून शेवटी आकडा वाढलेला दिसला तर फसवणूक समजू नकोस.

आता खाडीविषयी, कारण माझा जीव तिथे जडला आहे. शहर या खाडीच्या काठी वाढले: एका बाजूला बर दुबई, दुसऱ्या बाजूला देरा. १९६३ मध्ये मक्तूम पूल झाला, तोवर खाडीवर पूलच नव्हता. पलीकडे जायचे ते होडीने. ती होडी, 'अब्रा', आजही चालते आणि मी गेले तेव्हा भाडे एक दिरहम होते. हिरव्या मार्गिकेने गुबैबाला उतरलीस की कापडबाजारातून चालत धक्क्यावर पोचशील. होडीच्या मध्ये एक लांब बाक, त्यावर लोक पाठीला पाठ लावून पाण्याकडे तोंड करून बसतात, आणि नावाडी मधल्या खळग्यात उभा राहून चाक फिरवतो. मी नाणे मुठीत घट्ट धरून बसले होते. त्यावर अरबी कॉफीची चोचदार किटली कोरलेली आहे. नावाड्याने न बोलता तळहात पुढे केला, सगळ्यांची नाणी त्यात पडली, आणि डिझेलचा वास आणि खारा वारा एकदम नाकात शिरला. लहानपणी दाभोळच्या खाडीत तरीत बसल्यावर यायचा तोच वास. शेजारी एक कामगार डबा मांडीवर ठेवून डोळे मिटून बसला होता. पाच-सात मिनिटांत देरा आले. तिथे धक्क्याला लाकडी गलबते लागलेली असतात आणि काठावर खोकी, टायर, फ्रीज रचून ठेवलेले असतात. समोरच मसालेबाजार, वाळवलेली काळी लिंबे आणि गुलाबकळ्या पोत्यांतून भरलेल्या. घाईने ओलांडू नकोस, त्याच फेरीने परत ये आणि वाटल्यास पुन्हा जा. मी पाच वेळा गेले.

बर दुबईच्या काठाने पुढे गेलीस तर अल फहिदीची जुनी वस्ती लागते. तिथे भरदुपारीही चालता येते, कारण गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवलेल्या आहेत आणि एका भिंतीची सावली दुसरीवर पडते. घरांवर चौकोनी वातमनोरे आहेत. मनोरा चारही बाजूंनी उघडा आणि आत तिरकस पडद्यांनी विभागलेला असतो, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी एका कप्प्यातून खाली खोलीत उतरतो आणि तापलेली हवा दुसऱ्या कप्प्यातून वर निघून जाते. अशा एका मनोऱ्याखाली मी उभी राहिले तेव्हा पदर अलगद हलला. विजेचा पंखा नसताना त्या उन्हात माणसे कशी राहिली असतील, हा माझ्या मनातला प्रश्न तिथे सुटला.

तुम्ही जाल तेव्हा डिसेंबर असेल, हवा सुखाची असेल. तरीही पहिल्याच सोमवारी, लेक कामावर गेल्यावर, मोहनरावांना घेऊन एक स्टेशन जाऊन परत ये. तेवढे पुरे. दुसऱ्या दिवशी दोन स्टेशने जा.

सोबत माझे नोल कार्ड पाठवते आहे. रुपेरी कार्डावर नाव नसते, त्यामुळे ते तुला चालेल. त्यात थोडे दिरहम शिल्लक आहेत, पण किमान रक्कम असल्याशिवाय फाटक उघडत नाही, म्हणून आधी स्टेशनावरच्या यंत्रात पैसे भर. मोहनरावांसाठी दुसरे घ्यावे लागेल. अब्रातून पहिल्यांदा पलीकडे जाशील त्या दिवशी मला चार ओळी लिही.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
वसुधा